पाण्यातलं नाव

आई मला हाक मारते तेव्हा माझी पाळी चौथी येते. "अगं बेडकी, अगं मासोळी, अगं ही आपली... तू गं, ते झाकण दे." माझं नाव तिच्या तोंडात येईपर्यंत मी झाकण देऊन मोकळी झालेली असते. मैत्रिणींच्या आया थोरलीला धाकटीच्या नावाने हाक मारतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. मला ना थोरली, ना धाकटी. माझ्या आईला तेराशे ऐंशी मुलं आहेत आणि मी त्यांतली नाही, अशी माझी तेहतिसाव्या वर्षापर्यंत पक्की समजूत होती.

आई पोहायला शिकवायची. आमच्या रस्त्याच्या टोकाला निळ्या फरशांचा तलाव आहे, तिथे अडतीस वर्षं. सगळं गाव तिला बाई म्हणतं. रुंद खांदे, क्लोरीनने पांढऱ्या पडलेल्या टाचा, आणि आवाज असा की घरात मीठ मागितलं तरी वरच्या मजल्यावरचे दचकतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि एका वेळी दोन मुलं घ्यायची, एकेका हाताला एकेक. तिसरं मूल काठ धरून थांबायचं. "मला हात दोन आहेत," एवढंच ती पालकांना सांगायची, आणि पालक गप्प बसायचे.

तिच्या वह्या मात्र कोणाकडे नसतील अशा. तेवीस जाड वह्या, प्रत्येक मुलाला एक पान. वर मुलाचं नाव. त्याखाली 'पाण्यातलं नाव', म्हणजे आईने ठेवलेलं: बेडकी, दगड, हिरवी टोपी, घाईगर्दी. त्याखाली 'कशाला भितं'. हे ती पहिल्याच दिवशी विचारायची आणि मूल सांगेल ते जसंच्या तसं लिहायची. 'डोळ्यांत पाणी जाईल.' 'खालची फरशी हलते.' 'भाऊ म्हणाला आत मगर आहे.' शेवटी, काठ कोणत्या तारखेला सोडला ते. भीती कळल्याशिवाय ती मुलाला पाण्यात घेत नसे.

मी सहा वर्षांची असताना तिच्या वर्गात आठ दिवस होते. नवव्या दिवशी तिने मला शिट्टीकाकांच्या रांगेत नेऊन उभं केलं. शिट्टीकाका म्हणजे दुसरे शिक्षक, ढेरपोटे, स्वतः कधी पाण्यात न उतरणारे, काठावरून शिट्टी मारून शिकवणारे. कारण विचारलं तर आई म्हणाली, "तिकडे चांगलं शिकशील." मी शिकले, पण बुडत नाही इतपतच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मीच. आणि पलीकडच्या काठाला आई लोकांच्या पोरांचे हात धरून उभी असायची, ते मी रोज तासभर बघायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. आमच्या घरी ती उलटी होती.

या तेराशे ऐंशींपैकी तेराशे एकोणऐंशी मी एक वेळ सोसले असते. मासोळी सोसवत नव्हती. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पाचव्या वर्षी तलावावर आली आणि पुढे खूप शर्यती जिंकून तिथेच शिकवायला लागली. महिन्याअखेर आई निवृत्त होणार आणि तिच्या जागी मासोळी येणार हे ठरलेलं होतं. ती आमच्या घरी येते तेव्हा बेल वाजवत नाही. आमच्या कपाटात तिचा टॉवेल आहे. मला ताई म्हणते, माझ्याशी कधी वाकडं बोलत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर उघडपणे चिडताही येत नाही. तिला बघितलं की माझ्या पोटात दुखतं, हे मी लपवत नाही; निदान इथे तरी नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला आपलं पान बघता यावं अशी वेबसाइट करायची, ही कल्पना मासोळीचीच. मी वेबसाइट करूनच पोट भरते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. पण मी हो म्हटलं ते त्यासाठी नाही. त्या निमित्ताने सगळ्या वह्या उघडणार होत्या. त्या आठ दिवसांचं माझं पान आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं.

काम तसं सोपं. आम्ही वापरतो त्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्यात, आधी कोण कोणाचं हे मांडून द्यावं लागतं. एक टेबल शिक्षकांचं, एक मुलांचं. एका शिक्षकाची मुलं अनेक, पण एका मुलाला शिक्षक एकच. गंमत अशी की हे नातं शिक्षकाच्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. मुलाच्या ओळीत शिक्षकाचा नंबर असतो. आईच्या ओळीत फक्त आईचं नाव. तिला मुलं किती, कोणती, याचा तिथे पत्ता नाही. पानावर दाखवायची वेळ आली की फ्रेमवर्क सगळ्या मुलांना विचारत सुटतं, तुमच्याकडे हा नंबर आहे का, आणि हो म्हणतील त्यांची यादी आईच्या नावाखाली लावतं.

हे मी आईला जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं. मासोळी शेजारी होतीच.

"बरोबर आहे," आई म्हणाली. "मी कुठे कोणाला धरून ठेवलंय."

तिला पोहण्याबद्दल म्हणायचं होतं. मला झोंबायचं ते झोंबलं.

"पण एका मुलाला एकच शिक्षक?" तिने विचारलं.

"हो. तसा नियम घातलाय."

"आणि मधेच बदलला तर?"

"का? कोणाचा बदलला?"

आई उठली आणि खिडकीतले वाळत घातलेले टॉवेल काढायला लागली. ते अजून ओले होते.

रोज दुपारी मासोळी वह्या टाइप करायची आणि आई शेजारी बसून अक्षर लावून द्यायची. मी ऑफिसातून येऊन झालेलं तपासायचे; उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते. दारातूनच दोघींचं हसणं ऐकू यायचं. "बाई, हा दगड आता केवढा झालाय, मला परवा भेटला." "घाईगर्दी? तिला जुळं झालं." मी खुर्ची ओढली की हसणं थांबत नसे, पण मला ते पहिल्यापासून सांगायचं कोणाला सुचत नसे.

यादीचं पान सुरुवातीला फार रखडायचं. माझीच चूक होती. प्रत्येक मुलामागे ते डेटाबेसकडे वेगळी फेरी मारत होतं. एखादा माणूस मिठासाठी एकदा, साबणासाठी एकदा, काड्यापेटीसाठी पुन्हा एकदा दुकानात जातो तसं. सगळी मुलं एकाच फेरीत आण असं लिहिल्यावर पान झटक्यात उघडायला लागलं. त्या दिवशी मासोळीने यादी खालपर्यंत सरकवली आणि म्हणाली, "बाई, बघा, तुमचं सगळं घर." आईने डोळे पुसले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसले.

आता माझ्या पानाचं. मी सहाची होते ते वर्ष सातव्या वहीत असायला हवं. मासोळीने सहावी संपवून आठवी घेतली.

"सातवी कुठे आहे?" मी विचारलं.

"बाई म्हणाल्या, ती भिजली," मासोळी म्हणाली.

"तलावावरच्या एवढ्या वह्यांतली एकच भिजली?"

आई कपाटाकडे तोंड करून म्हणाली, "मासोळी, काही माणसांना सगळंच बघायचं असतं." लेकी बोले सुने लागे. सून होते मी.

मग आला तो गुरुवार. अकराव्या वहीपर्यंत काम झालं होतं. मी घरात पाऊल टाकलं, आई समोरच उभी होती. माझ्या तोंडाकडे नीट बघून ती म्हणाली, "आलीस का मासोळी?" झाकण मागताना नाही, पाठमोरी नाही, समोरासमोर. आतून मासोळी म्हणाली, "बाई, मी इथे आहे." दोघी हसल्या. मीही हसले. चपला काढल्या, आतल्या खोलीत गेले आणि लॅपटॉप उघडला.

शिक्षकांच्या यादीत आई दोनदा दिसत होती. पहिल्या दोन वह्यांवर तिचं माहेरचं नाव आहे, पुढच्यांवर सासरचं. मासोळीने पुठ्ठ्यावर दिसलं तसं घालून दोन बाई केल्या होत्या. हे मला आठवडाभर माहीत होतं. एकीची मुलं दुसरीकडे हलवायची आणि मगच रिकामी ओळ पुसायची, हे या धंद्यात शिकाऊ माणसालाही कळतं. कारण नियम मीच घातला होता: शिक्षक पुसला की त्याची सगळी मुलंही पुसली जातील. बिनशिक्षकाची मुलं डेटाबेसमध्ये भटकत राहू नयेत, म्हणून.

मी सासरच्या नावाची ओळ निवडली आणि 'पुसा' दाबलं. फ्रेमवर्क एकदम काही पुसत नाही, आधी विचारतं. याच्याबरोबर खालच्या नोंदीही जातील, खात्री आहे ना? खाली चारशे शहात्तर नावं. मी ती सरकवत सरकवत मासोळीपर्यंत आले. तिथे थांबले. मग 'हो' दाबलं.

पुढे सगळ्यांना मी सांगितलं की हात चुकला. हात चुकला नव्हता, डोकं फिरलं होतं. आणि खरं सांगायचं तर पहिलं मिनिटभर फार बरं वाटलं. आईचं त्या नावाचं पान उघडून बघितलं: ते नव्हतंच. ना ती, ना तिची कोणी. मग मिनिट संपलं. बॅकअप होता, पण आठ दिवसांपूर्वीचा. तो लावल्यावर सहाव्या वहीपर्यंतची मुलं परत आली. आठवी ते अकरावी, चार वह्यांमधली दोनशे अडतीस मुलं गेली ती गेलीच. मासोळीच्या आठ दुपारी. आणि कार्यक्रमाला दिवस उरले होते नऊ.

बाहेर येऊन मी सांगितलं, की मधली मुलं उडाली.

मासोळीचा चेहरा उतरला. "ताई, माझ्याकडून काही झालं का? सुरुवातीला मी बाईंच्या दोन्ही नावांमध्ये गोंधळ घातला होता. त्यानेच झालं असेल."

नाही म्हणायला एक शब्द लागतो, आणि तो मी तोंडात धरून बसले. मासोळीने आठवी वही ओढली, पहिलं पान उघडलं आणि तक्रारीचं अक्षर न काढता पुन्हा टाइप करायला लागली. तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

आई माझ्याकडे बघत होती. तलावावर तिसरं मूल काठ सोडायच्या बेतात असलं की ती तशी बघायची.

"तुझं काही चुकलं नाही, मासोळी," ती म्हणाली. "हिने केलंय." आणि मग मला, हळू आवाजात, आणि तिचा हळू आवाज मी क्वचितच ऐकलाय, "पुन्हा तेच केलंस."

"पुन्हा म्हणजे?"

ती आत गेली. आली तेव्हा हातात सातवी वही होती. कोरडी ठणठणीत. पान शोधावं लागलं नाही, वही आपसूक तिथेच उघडली. अक्षर आईचं, जांभळी शाई. वर माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

पाण्यातलं नाव: पाणबुडी.

कशाला भितं: पाण्याला नाही. आईने दुसऱ्याचा हात धरला की.

काठ सोडला त्या तारखेच्या जागी आठ ओळी होत्या, आठ दिवसांच्या. 'आज स्वतःहून खाली गेली. मी वळले तशी हसत वर आली.' 'आज दोनदा.' 'आज बेडकीला धरलं होतं तेव्हा.' आठवी ओळ लांब होती. 'आज खोल बाजूला गेली आणि वर येईना. दोन्ही हात सोडून उडी मारली. ती ठीक. हिरवी टोपी सुटला, पाणी प्यायला, काळानिळा झाला. वाचला. उद्यापासून ही माझ्याकडे नको. मी हिच्यासाठी सगळ्यांना सोडीन.'

मी ती शेवटची ओळ तीनदा वाचली. मला त्यातलं काही आठवत नव्हतं. नाही, एक आठवत होतं. पाण्याखालून दिसणारे आईचे पाय, आणि ते माझ्याकडे वळायची वाट बघणं. तेवढं मला कायम आठवत आलंय. मी समजायचे ते स्वप्न आहे.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सहा वर्षांच्या पोरीला काय सांगू? तुझ्यामुळे एक पोरगा मरत होता म्हणून?"

"नंतर."

"नंतर तू विचारलंच नाहीस. नुसती फुगून बसलीस, ती आजपर्यंत." तिने पान उलटलं. "आणि हा."

पुढचं पान हिरव्या टोपीचं होतं. कशाला भितं, याच्यापुढे आधी लिहिलं होतं, 'नाकात पाणी.' ते खोडून खाली नवीन लिहिलं होतं, 'बाईंना.' काठ सोडल्याची तारीख कोरी.

"तो परत आला नाही," आई म्हणाली. "दोनदा घरी गेले त्याच्या. आतून कडी लावून बसला. माझ्या सगळ्या वह्यांत मला भिणारं मूल हे एकच."

मासोळीचं टाइप करणं थांबलं होतं. मी तिच्याकडे न बघता म्हणाले, "हात चुकला नव्हता. मी तुझं नाव बघून पुसलं."

तिने आठवी वही मिटली. मग म्हणाली, "वाटलंच होतं." आणि नववीवर हात ठेवून, "मीही नवव्या वहीत आहे ना, ताई. माझी भीती वाच कधीतरी." मी हात पुढे केला, तर तिने वही जवळ ओढली. "आज नको. आज मला तुझा राग आलाय." ती उठून घरी गेली. टॉवेल कपाटातच होता, त्यावरून कळलं की परत येणार आहे.

मी तिच्या खुर्चीवर बसले आणि आईने सातवी वही पुढे धरली. फॉर्ममध्ये शिक्षक निवडल्याशिवाय मुलाची नोंद होत नाही, हाही माझाच नियम. मी माझं नाव घातलं, पाण्यातलं नाव घातलं आणि शिक्षकाच्या रकान्यापाशी अडले. शिट्टीकाकांकडे मी चार वर्षं होते, आईकडे आठ दिवस.

"कोणाखाली घालू?"

"वही कोणाची आहे?"

"तुझी."

"मग विचारतेस काय." तिने चष्मा वर केला. "पण थांब. आधी त्याला घाल."

"पान माझं आधी आहे."

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. तेहतीस वर्षांची बाई, आणि कशावर भांडतेय. आईने हात माझ्या खांद्यावर ठेवला, तो घट्ट. मी माझी नोंद न ठेवता फॉर्म रिकामा केला आणि हिरव्या टोपीचं नाव घातलं. भीतीच्या जागी आईने आहे ते लिहायला लावलं, 'बाईंना'. काठ सोडल्याची तारीख कोरी ठेवली. मग मी.

उरलेल्या वह्या मी रजा काढून टाइप केल्या. मासोळी दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी आली, बेल न वाजवता. नवव्या वहीत तिच्या पानावर होतं, 'बाईंची मुलगी काठावरून बघते, तिला.' मी ते जसंच्या तसं टाइप केलं. आम्ही दोघींनी त्यावर अजून एक शब्दही काढलेला नाही, आणि ती मला आवडायला लागली आहे असंही नाही.

शेवटच्या दिवशी तलावाच्या हॉलमध्ये पडद्यावर आईचं पान उघडलं. वर तिचं एकच नाव, खाली सगळे. माणसं आपापली भीती वाचून हसत होती आणि आपल्या पोरांना दाखवत होती. हिरवी टोपी आला नाही. पण तीन आठवड्यांनी कोणीतरी दुसऱ्या शहरातून त्याचं पान उघडलं, बराच वेळ उघडं ठेवलं, आणि पानाखालच्या चौकटीत एक ओळ लिहून पाठवली: 'पोहायला शिकलो. तिशी उलटली तेव्हा.' आईने त्याच्या कोऱ्या जागेत तारीख घालायला सांगितली. कोणती घालू म्हटलं, तर म्हणाली आजची.

आई मला अजून चौथ्या झटक्यालाच हाक मारते. फक्त चौथ्या जागी आता कधी माझं नाव येतं, कधी पाणबुडी. यादी नोंदीच्या क्रमाने लागते, त्यामुळे हिरवी टोपी माझ्या बरोबर वर आहे. तो क्रम बदलायला कोडमध्ये एक शब्द बदलला की झालं. मी रोज सकाळी ते पान उघडते, तो अजून माझ्या वरच आहे ना ते बघते, आणि मग कामाला लागते.